ऐंशीपैकी एकसष्ट

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याच्या रात्री आमच्या घरी चकल्यांचा दुसरा घाणा चालला होता; पहिला लक्ष्मीपूजनालाच संपला होता. भाऊबिजेसाठी ताई कोल्हापूरहून एक दिवस आधीच आली होती आणि तिच्याबरोबर तिची मुलगी. भाची बारावीला. जेवणे आटोपल्यावर ती मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, तुझी परीक्षा घेऊ?"

परीक्षा घेणे हा माझा धंदा. देण्याची सवय मोडलेली. तरी मी हो म्हटले. मोबाईलवर एक प्रश्नावली होती. आपल्या ठायी समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखून त्याच्या सुखदुःखाशी आपले मन जुळण्याची शक्ती, किती आहे, हे ती मोजून देणार होती. साठ विधाने, प्रत्येकापुढे चार पर्याय: पूर्ण सहमत, थोडासा सहमत, थोडासा असहमत, पूर्ण असहमत. विधाने इंग्रजीत होती. भाची ती वाचून मराठीत सांगे, मी उत्तर देई आणि ती बोट टेकवी. एकीकडे चकल्या खाणेही चालू होते. पाव तासात निकाल लागला. ऐंशीपैकी एकसष्ट.

खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. तीन कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला दुसऱ्याचे मन कळते, असा दाखला यंत्राने दिला, तर कुणाला वाटणार नाही? मग ताईने परीक्षा दिली. तिला बावन्न मिळाले. माझ्या पत्नीने कढईपासून हलायला नकार दिला. आईला कुणी विचारलेच नाही. शेवटी भाचीने स्वतःची उत्तरे भरली. तिला चोवीस मिळाले आणि खाली तांबड्या अक्षरांत एक ओळ उमटली, की तिसाच्या आतले गुण म्हणजे समानुभूती कमी. सगळे हसले. तीही हसली. मी तर एक लहानसे व्याख्यानच दिले.

रात्री गच्चीवर पणत्या विझल्या की नाही हे बघायला गेलो, तर ती तिथे उभी. म्हणाली, "मामा, मग मी नर्सिंगला जाऊ नको का?"

मी काहीतरी उत्तर दिले. मामा देतात तसले. परंतु त्या प्रश्नाने माझी झोप उडवली हे खरे. एका सतरा वर्षांच्या मुलीने पाव तासाच्या खेळावरून आपले आयुष्य कुठल्या वाटेने न्यायचे हे ठरवावे, आणि मी त्याच खेळाच्या एकसष्ट गुणांवर खूश असावे, हे मला शोभेना. तेव्हापासून वर्षभर सवडीने मी ह्या प्रश्नावल्यांविषयी मिळेल ते वाचत आलो. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, आमच्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिक; पुढे दोन वर्षे चित्रकला शिकलो आणि शाळेत ड्रॉइंगमास्तर झालो. मानसशास्त्रावर अधिकाराने बोलावे असे माझ्यापाशी काही नाही. पण प्रश्नावली हा शेवटी एक मजकूर आहे. कुणीतरी तो लिहिला आहे, त्यात एक निवेदक आहे, आणि कथेकादंबरीचे परीक्षण करायला आपण बसतो तसे तिच्यापुढे बसायला हरकत नसावी.

लेखक कोण, हे आधी पाहू. मोबाईलवरच्या पानावर नाव नव्हते. शोध घेता कळले, की ही प्रश्नावली केंब्रिज विद्यापीठातल्या सायमन बॅरन-कोहेन आणि सॅली व्हीलराइट ह्यांनी २००४ साली प्रसिद्ध केली. ती घरोघरी चकल्या खाताना सोडवण्यासाठी नव्हतीच. स्वमग्नतेच्या छटा असलेल्या प्रौढ माणसांच्या अभ्यासासाठी ती रचलेली होती. साठ विधानांपैकी वीस तर निव्वळ भरतीची. त्यांना गुणच नाहीत, उत्तर देणाऱ्याला सारखा एकच वास येऊ नये म्हणून मध्ये पेरलेली. उरलेल्या चाळिसांना जास्तीत जास्त दोन दोन गुण, म्हणून ऐंशी. त्यांच्या पाहणीत सर्वसाधारण माणसांपैकी शंभरात सुमारे बारा जणांना तीस किंवा त्याहून कमी गुण पडले होते. शंभरांत बारा म्हणजे आमच्या शाळेच्या प्रत्येक वर्गात सहासात. तांबड्या अक्षरांतल्या ओळीने ही गोष्ट माझ्या भाचीला सांगितली नाही. दवाखान्यातली वस्तू बाजारात आली, की तिच्यावरची सूचनेची चिठ्ठी आधी गळून पडते.

आणि ज्यांच्यासाठी ती रचली, त्यांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. डेमियन मिल्टन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ आहेत. ते स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ साली त्यांनी असा मुद्दा मांडला, की आम्हांला तुमचे मन कळत नाही असे तुम्ही म्हणता, पण तुम्हांला तरी आमचे कुठे कळते? न कळणे हे दोघांच्या मध्ये असते. ते उचलून एकट्याच्या पदरात का टाकता? हा साधा प्रश्न मला साठ विधानांपेक्षा अधिक मोलाचा वाटला.

शब्दाचीही थोडी चौकशी केली. इंग्रजीतला 'एम्पथी' हा शब्द फारसा जुना नाही. एडवर्ड टिचनर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९०९ साली तो एका जर्मन शब्दासाठी घडवला आणि तो जर्मन शब्द मूळचा कलाविचारातला. चित्र किंवा शिल्प पाहताना पाहणारा आपल्या भावना त्यात कसा ओततो, हे सांगणारा. आपल्याकडे 'सहृदय' हा शब्द काव्यशास्त्रातलाच. तो रसिकाला लावलेला आहे, शेजाऱ्याच्या मदतीला धावणाऱ्याला नव्हे. म्हणजे दोन्हीकडे हा गुण प्रथम कलावस्तूपुढे बसलेल्या माणसाचा. घरात रडणाऱ्या माणसापुढे बसलेल्याचा तो मागाहून झाला. मराठीत त्या दुसऱ्यासाठी कणव आहे, कळवळा आहे, माया आहे. भाची जेव्हा विधाने मराठीत करून सांगत होती, तेव्हा ती कधी 'समजतं' म्हणे, कधी 'वाटतं' म्हणे, कधी 'वाईट वाटतं' म्हणे. आणि त्या प्रत्येक शब्दागणिक माझे उत्तर सरकत होते. ते मला तेव्हाच जाणवले होते. गुण चांगले पडत होते म्हणून बोललो नाही.

आता मजकुराकडे. प्रत्येक विधानाचा नायक 'मी' आहे. मला कळते, मला जमते, माझ्या लक्षात येते. समोरचा माणूस मात्र सगळीकडे बिनचेहऱ्याचा: कुणीतरी, दुसरी व्यक्ती, लोक. साठ विधानांत एकाला नाव नाही, वय नाही, कुणी घरात शिरताना चपला कशा काढल्या हे नाही. कादंबरीत असा निवेदक आला, की वाचक सावध होतो. जो पानोपानी सांगतो की मला माणसे चटकन कळतात, त्याच्यावरच आपण संशय घेतो. बायकोच्या मनातले आपण ओळखतो अशी खात्री असलेला नवरा आणि तिसऱ्या प्रकरणात माहेरी निघून गेलेली बायको ह्या सामग्रीवर मराठीत किती कादंबऱ्या झाल्या असतील! माझीही एक आहे. तो नवरा ही प्रश्नावली भरता, तर त्याला एकसष्टच्या खाली गुण पडते ना.

ह्याच जातीची दुसरी एक प्रश्नावली मात्र मला आवडली, आणि ते सांगितलेच पाहिजे. मार्क डेव्हिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० साली ती मांडली. तिच्यात अठ्ठावीस विधाने आणि सात सातांचे चार गट आहेत. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे हा एक. गोष्टीतल्या, नाटकातल्या पात्रांत शिरणे हा दुसरा. दुसऱ्याविषयी कळवळा वाटणे हा तिसरा. आणि दुसऱ्याचे दुःख पाहून आपणच कासावीस होणे हा चौथा. डेव्हिसने ह्या चौघांची एकच बेरीज करून हातावर ठेवली नाही. तिसरा आणि चौथा गट वेगळे काढले, ह्यात मला खऱ्या निरीक्षकाची नजर दिसली. वडील शेवटच्या आजारात दवाखान्यात होते, तेव्हाची गोष्ट आठवते. त्यांची धाप मला बघवत नसे. काही औषध आणायचे निघाले, की मी उडी मारून उठे, आणि खालच्या दुकानातून पाच मिनिटांत आणायची वस्तू आणायला अर्धा तास लावी. जिन्यात उभा राहून रडलोही होतो. घरात सगळे म्हणत, हा फार हळवा. खाटेपाशी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती ती ताई. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. आता डेव्हिसच्या हिशेबाने मला चौथ्या गटात भरघोस गुण पडतील. पण रोग्याला त्यांचा काय उपयोग? हळवेपणा आणि कळवळा ह्यांतला हा भेद इतक्या कोरड्या कागदावर इतक्या स्वच्छपणे आखलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. माझ्या पहिल्या कादंबरीत तो नाही. असता तर ती बरी झाली असती.

दुसऱ्या गटाविषयी मात्र आम्हां लेखकमंडळींनी फार हुरळून जाऊ नये. डेव्हिड किड आणि इमानुएले कास्तानो ह्या दोघांनी २०१३ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात असे प्रसिद्ध केले, की चांगले ललित साहित्य थोडा वेळ वाचले, तरी दुसऱ्याचे मन ओळखण्याच्या कसोटीत माणसाचे गुण वाढतात. ही बातमी आम्ही किती प्रेमाने एकमेकांना कळवली! गावच्या वाचनालयाच्या समारंभात मी ती व्यासपीठावरून सांगितली आणि टाळ्या घेतल्या. पुढे २०१८ साली काही संशोधकांनी अशा नावाजलेल्या २१ प्रयोगांची नव्याने फेरतपासणी केली. १३ टिकले, ८ टिकले नाहीत. न टिकलेल्यांत आमचा होता. ते सांगायला मला वाचनालयाने पुन्हा बोलावलेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हात चांगला, रेघ अशी सहज काढी, की मी त्याला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवायचे ठरवले होते. पण रंगवायला दिले, की त्याचे काहीतरी बिनसे. पिंपळाची पाने तो तपकिरी रंगवी. एकदा लाल जास्वंद काढायला सांगितली, तर फूल आणि पाने दोन्हींना जवळजवळ एकच मातकट रंग. मला वाटले, खोड्या करतो. पहिल्यांदा समजावले, मग रागावलो, मग सगळ्या वर्गापुढे त्याचा कागद वर धरून दाखवला. मुले हसली. तो काही बोलला नाही. पुढच्या तासापासून तो शेजारच्याच्या पेटीतली कोणती वडी उचलली जाते हे बघून रंग घेऊ लागला आणि मी त्याला कॉपी करतो म्हणून उठवून मागे बसवला. हे दोन वर्षे चालले. दोन वर्षे!

नंतर शाळेत डोळेतपासणीचे शिबिर झाले. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रे असलेले एक पुस्तक आणले होते. रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळात रंगीत ठिपक्यांचाच आकडा लपलेला असतो. पोरे रांगेने येऊन आकडे सांगत होती. हा आला आणि गप्प उभा राहिला. "काय दिसतं?" डॉक्टरांनी विचारले. "ठिपके," तो म्हणाला. दुसरे पान उलटले. ठिपके. मी दाराशी उभा होतो. त्याला लाल आणि हिरवा ह्यांत फरक दिसत नव्हता. जन्मापासून दिसला नव्हता. आणि सगळ्यांत अधिक चकित तो स्वतः झाला होता, कारण इतरांना ते आकडे खरोखरच दिसतात ह्यावर त्याचा विश्वास बसेना.

ते पुस्तक शिनोबू इशिहारा ह्या जपानी डॉक्टरांच्या नावाने ओळखले जाते. ती चित्रे त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या पुस्तकात कुठेही 'मला रंग चांगले ओळखता येतात' असे विधान देऊन पुढे चार पर्याय छापलेले नाहीत. छापले असते तर? त्या मुलाने प्रामाणिकपणे 'पूर्ण सहमत' सांगितले असते. तो खोटे बोलला असता असे नाही. जे आपल्याला दिसत नाही ते दिसत नाही, हे त्याला कळणार कशाने? जॉन डाल्टनसारख्या नामांकित रसायनशास्त्रज्ञालाही आपले रंगांधळेपण पंचविशी उलटेपर्यंत उमगले नव्हते. १७९४ साली त्याने त्यावर निबंध वाचला, तेव्हा लोकांना ह्या दोषाची ओळख झाली.

समानुभूतीच्या प्रश्नावल्या इशिहारांच्या पुस्तकासारख्या नाहीत. त्या रंगांधळ्याला विचारतात, तुला रंग कसे दिसतात? त्या वर्गात दोघे होतो. एकाला हिरवा दिसत नव्हता, आणि दुसऱ्याला तो मुलगा दिसत नव्हता. पहिल्याची तपासणी झाली. दुसऱ्याला ऐंशीपैकी एकसष्ट गुण आहेत.

माझ्या ह्या एका अनुभवावरून कुणी निष्कर्ष काढू नये, म्हणून आकड्यांतली गोष्टही सांगतो. ब्रेट मर्फी आणि स्कॉट लिलियनफेल्ड ह्या दोघांनी २०१९ साली आधीच्या पुष्कळ अभ्यासांची एकत्र छाननी केली. दुसऱ्याचे मन मला किती कळते, ह्याविषयी माणसे स्वतःला जे गुण देतात, त्यांची तुलना प्रत्यक्ष मन ओळखायला लावणाऱ्या कसोट्यांशी केली. एकावरून दुसऱ्यातल्या चढउताराचा सुमारे एक टक्का भाग उलगडतो, असे निघाले. एक टक्का! प्रत्यक्ष कसोट्याही निर्दोष नाहीत, हे खरे. आणि ही तुलना ओळखण्यापुरती आहे, कळवळ्यापुरती नाही, हेही खरे. तरीपण आमच्या शाळेत ज्या पेपरचे गुण आणि विद्यार्थ्याची समज ह्यांत एवढाच संबंध निघेल, तो पेपर काढणाऱ्या मास्तरला पुन्हा कुणी पेपर काढायला सांगणार नाही.

मग त्या प्रत्यक्ष कसोट्यांचे काय? त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे डोळ्यांची. हीही बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. १९९७ सालची, २००१ साली सुधारलेली. छत्तीस छायाचित्रे, प्रत्येकात फक्त डोळ्यांची पट्टी, भोवती चार शब्द. त्या डोळ्यांत कोणता भाव आहे तो निवडायचा. ही मला भाचीने मे महिन्यात दाखवली आणि ड्रॉइंगमास्तर म्हणून मी तिच्यावर तुटून पडलो. विशेष असे, की भरताच्या नाट्यशास्त्रातही दृष्टीचे प्रकार छत्तीसच सांगितले आहेत: आठ रसांच्या, आठ स्थायी भावांच्या आणि वीस संचारी भावांच्या. पण भरतमुनी नटाला सांगत होते, की भाव असा दाखव. तिथे दाखवणारा आणि पाहणारा ह्यांचा करार आधीच ठरलेला आहे. इथे छायाचित्रे नियतकालिकांतून कापून घेतलेली. बरोबर शब्द कोणता, हे पंचांच्या बहुमताने ठरलेले. आणि ज्याचे डोळे, त्याला कुणीही विचारलेले नाही, की बाबा, तेव्हा तुझ्या मनात काय होते? कदाचित त्याला छायाचित्र काढणाऱ्याचा कंटाळा आला असेल. कदाचित उजेड डोळ्यांवर येत असेल. मी मुलांना चेहरा काढायला शिकवतो, तेव्हा पहिल्याच दिवशी एक खेळ करतो. फळ्यावर डोळ्यांची एकच जोडी काढायची. खाली एकदा ओठांचे कोपरे वर न्यायचे, एकदा खाली. मुले ओरडतात, "सर, डोळे बदलले!" डोळ्यांना मी हातही लावलेला नसतो.

ज्याचे मन त्यालाच विचारायचे, हे करणाराही एक माणूस आहे, हे वाचून मला हायसे वाटले. विल्यम आइक्स त्याचे नाव. दोन अनोळखी माणसांना एका खोलीत थोडा वेळ वाट पाहत बसवायचे, त्यांचे बोलणे लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपायचे. मग त्यांना सगळे सांगून, त्यांची परवानगी घेऊन, प्रत्येकाला वेगवेगळे ते चित्रण दाखवायचे. जिथे जिथे मनात काही आले होते, तिथे थांबवून ते त्याने लिहायचे. नंतर दुसऱ्याने त्याच जागी ओळखायचे, की ह्याच्या मनात काय आले असेल. दोन्ही कागद ताडून पाहायचे. ह्यात उत्तरपत्रिका समोरच्या माणसाच्या हातची असते. फार वेळखाऊ काम. मोबाईलवर पाव तासात होणारे नव्हे, म्हणूनच ते मोबाईलवर नाही.

आणि कळले तरी पाय थांबतीलच असे कुठे आहे? प्रिन्स्टनचा १९७३ सालचा प्रयोग पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन ह्यांनी धर्मोपदेशक होऊ घातलेल्या चाळीस विद्यार्थ्यांना एकेकटे एका इमारतीतून दुसरीत भाषणाला पाठवले. काहींच्या भाषणाचा विषयच मुळी वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली कथा. वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत बसवून ठेवलेला. सवड होती त्यांच्यांतले शंभरी ६३ थांबले. थोडी घाई होती त्यांच्यांतले ४५. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले, त्यांच्यांतले १०. आधी त्यांच्याकडून धर्मभावनेच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. कोण थांबेल हे त्यांवरून सांगता आले नाही, घड्याळावरून आले. मला पस्तीस मिनिटांचा तास आणि वर्गात साठ मुले. त्या मुलाचे कागद मी किती सेकंद पाहत होतो, ह्याचा हिशेब एकदा केला, आणि मग सोडून दिला.

तरीही माणसे ह्या प्रश्नावल्यांवर का विश्वासतात? बहुतेक दिवाळी अंकांच्या शेवटी वार्षिक राशिभविष्य असते, आणि आपण सगळेच, अगदी न मानणारेही, आपल्या राशीचे पान उघडतो. बर्ट्रम फोरर ह्या अमेरिकन प्राध्यापकाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. हे कितपत जुळते, ह्याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होते, आणि ते रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतले होते. ज्योतिषी निदान समोर बसतो आणि दक्षिणा उघड घेतो. मोबाईलवरच्या चाचण्या कशी दक्षिणा घेतात, हे २०१८ साली जगाला कळले. फेसबुकवरच्या स्वभावचाचणीच्या एका ॲपवर सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी उत्तरे भरली होती. त्यांच्यामार्फत त्यांच्या मित्रपरिवारातली मिळून ८ कोटी ७० लाखांपर्यंत माणसांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका ह्या राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या कंपनीकडे गेली असावी, असे खुद्द फेसबुकने सांगितले. भारतात ते ॲप घेणारे अवघे ३३५. ज्यांची माहिती जाण्याचा संभव होता असे सुमारे ५ लाख ६२ हजार. आपण स्वतःला मोजत आहोत असे वाटत असताना मोजणारा दुसराच होता.

भाचीला मी हे सगळे मे महिन्यात सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा, म्हणजे माझे चोवीस खोटे. पण म्हणून माझ्यात ते आहे असंही नाही ना ठरत?" नाही ठरत. ती चांगली नर्स होईल की नाही, हे मला ठाऊक नाही. आजीचे पाय चेपताना ती मोबाईल बघत असते हे मी पाहिले आहे. आणि आजीला कोणत्या पायाला चेपलेले चालत नाही, हे तिला न सांगता ठाऊक आहे हेही पाहिले आहे. ह्यांतल्या कशाला किती गुण द्यायचे? फॉर्म तिने त्याआधीच भरला होता. मला विचारायला ती थांबली नव्हती.

त्याच संध्याकाळी तिला एक कल्पना सुचली. तिने ती साठ विधाने पुन्हा काढली आणि प्रत्येकातल्या 'मी'च्या जागी 'मामा' घालून ती आजीला वाचून दाखवू लागली. मी पेपर वाचत असल्याचे दाखवत होतो. आई डोळे मिटून, जपमाळ बाजूला ठेवून, कोर्टात साक्ष द्यावी तशी उत्तरे देत होती. एका विधानाला मात्र ती थांबली. "लिहायला बसला की घरात माणसं असतात का गं ह्याला? काय ते टाक तू." भाचीने बोट टेकवले. बेरीज तेहेतीस आली.

मग तो मोबाईल तिने मामीकडे नेला. माझ्या पत्नीने चष्मा लावला, पहिली चारपाच विधाने मनाशी वाचली, एकदा माझ्याकडे पाहिले आणि मोबाईल परत दिला. "दूध ठेवलंय, बघून येते," म्हणाली. आम्ही दोघे तिची बराच वेळ वाट पाहत बसलो.